दुर्गम स्थळी काँक्रीट : पंपगाडीचे कार्य आणि तिची भाषा

बांधकामाचे स्थळ दुर्गम आहे असे म्हटले म्हणजे डोंगरकडा, दरी किंवा बेट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मात्र जुन्या पुण्यातील एखाद्या पेठेतला अरुंद बोळ, मुंबईतील दोन चाळींमधील चिंचोळी जागा किंवा भर शहरातील तिसाव्या मजल्याचे छत हीदेखील तितकीच दुर्गम स्थळे होत. रस्त्यापासून त्यांचे अंतर फार नसते. परंतु त्या अंतरातून कित्येक टन ओला माल ठरावीक वेळात न्यावयाचा असतो आणि तो नेण्यास वाट नसते. काँक्रीटपंपाची गाडी हा या अडचणीवर शोधलेला उपाय आहे. घडी घातलेला पोलादी बाहू पाठीवर घेऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहते, बाहू उलगडते, आणि त्यावर बसविलेल्या नळीतून घरावरून, भिंतीवरून किंवा खड्ड्यावरून माल पलीकडे पोहोचविते.

या यंत्राची पोहोच कशावर अवलंबून असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बाहूच्या लांबीवर, असे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. मिश्रणाची घडण, गाडीखालची जमीन आणि नळीच्या दोन टोकांशी उभ्या असलेल्या माणसांमधील संकेतव्यवहार या तीन गोष्टी सिद्ध झाल्यावाचून बाहूची लांबी निरुपयोगी ठरते, किंबहुना घातक ठरते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा विचार स्थापत्यशास्त्राच्या ग्रंथांतून विपुल झाला आहे. तिसरी गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते, आणि तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१. वेळेचे बंधन

वीट, लाकूड किंवा लोखंड स्थळावर आज पोहोचले काय आणि चार दिवसांनी पोहोचले काय, त्या वस्तूंच्या गुणात फरक पडत नाही. काँक्रीटचे तसे नाही. सिमेंटला पाण्याचा स्पर्श झाल्या क्षणापासून त्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि माल हळूहळू आपला ओलेपणा गमावू लागतो. तयार मालाची गाडी भरल्यापासून साधारणतः दोन तासांच्या आत ती रिकामी व्हावी, असा दंडक सामान्यतः पाळला जातो. उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडते. विलंब करणारी रसायने मिसळून ती थोडीफार लांबविता येते.

दुसरे बंधन अखंडतेचे. छताचा एक भाग भरल्यानंतर दुसरा भाग भरण्यास फार उशीर झाला, तर पहिला घट्ट होऊन बसतो व दोहोंमध्ये जीव राहत नाही. वरून पाहणाऱ्याला छत एकसंध दिसते, पण आत एक दुबळी रेघ राहून जाते. पुढे पाणी झिरपते ते त्याच रेघेतून, आणि सळईला गंज चढण्यास आरंभ होतो तोही तेथूनच.

या दोन बंधनांमुळे स्लॅब भरण्याचा दिवस हा बांधकामावर एखाद्या कार्याच्या दिवसासारखा असतो. पूर्वी, आणि लहान कामांवर आजही, स्त्री-पुरुष बिगाऱ्यांची रांग परांचीवर उभी राहून घमेली हातोहात वर पोहोचविते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलोग्रॅम भरते. एका घमेल्यात वीस किलोग्रॅम माल धरला, तरी एका घनमीटरासाठी १२० घमेली वर जावी लागतात. साध्या घराच्या छताला पंधरा-वीस घनमीटर माल सहज लागतो. म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वी सुमारे दोन हजार घमेली त्याच हातांतून जावयाची असतात. रांग थकली की वेग मंदावतो, वेग मंदावला की वर सांगितलेली दुबळी रेघ निर्माण होते. मानवी श्रमाचा प्रश्न आणि बांधकामाच्या दर्जाचा प्रश्न येथे एकच होतात.

या कामाची बोली मोठी अर्थपूर्ण आहे. 'आज स्लॅब पडला' असे गवंडी म्हणतो तेव्हा त्याला छत भरून झाले असे सांगावयाचे असते. तेच वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात आले तर छत कोसळले असा अर्थ होतो. प्रसंग ठाऊक असेल तर दोन अर्थांत घोटाळा होत नाही. परंतु प्रसंग दोन्ही पक्षांना सारखाच ठाऊक असेल याची खात्री कोणी द्यावी, हा प्रश्न पुढे पुन्हा उपस्थित होणार आहे.

२. यंत्राचा उगम

काँक्रीट नळीतून ढकलण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. तिला कार्यक्षम रूप जर्मनीत आले. १९२७ मध्ये मॅक्स गीझ व फ्रिट्झ हेल या अभियंत्यांनी ३८ मीटर उंचीपर्यंत व १२० मीटर अंतरापर्यंत काँक्रीट पंपाने पोहोचवून दाखविले. आरंभीचे पंप यांत्रिक दांड्यांनी चालणारे, अवजड व एका जागी बसवावयाचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर पडझड झालेली शहरे पुन्हा उभारताना अशा यंत्रांची गरज वाढली. १९५० नंतरच्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे दोन सिलिंडरांचे पंप आले, आणि १९६० नंतरच्या दशकात पंप मालमोटारीवर चढविण्यात येऊन त्याला घडीचा बाहू जोडण्यात आला. यंत्राचा हा विकास म्हणजे एका अर्थी 'स्थळाने यंत्राकडे यावे' या अवस्थेतून 'यंत्राने स्थळाकडे जावे' या अवस्थेत झालेले स्थित्यंतर होय.

३. 'पंप' या शब्दाची मर्यादा

मराठी भाषिकाच्या मनात 'पंप' हा शब्द पाण्याशी निगडित आहे. विहिरीवरचा पंप, गच्चीवरच्या टाकीचा पंप, सायकलचा पंप; यांतील पदार्थ एक तर पाणी असतो किंवा हवा. त्यामुळे काँक्रीटचा पंप म्हटला म्हणजे घट्ट पाणी वर चढविणारे यंत्र अशी कल्पना होते, आणि नळीतून माल पुढे सरकेना की 'पाणी घाला' हा उपाय ओठावर येतो. ही चूक यंत्राविषयीच्या अज्ञानाची आहे तितकीच शब्दाने लावलेल्या सवयीचीही आहे. ती दूर होण्यासाठी पंपात काय घडते ते पाहिले पाहिजे.

गाडीच्या मागच्या बाजूस एक हौद असतो. त्यावर जाळी असते व आत माल ढवळणारी पाती फिरत असतात. हौदाला दोन सिलिंडर जोडलेले असतात. एका सिलिंडरातील दट्ट्या मागे सरकताना हौदातील माल आत ओढून घेतो, त्याच वेळी दुसरा दट्ट्या आपल्यापुढचा माल नळीत ढकलतो. मग एस या रोमन अक्षराच्या आकाराची एक वाकडी नळी झटकन एका सिलिंडराच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर सरकते आणि दोघांची कामे बदलतात. हा पालट सारखा होत राहिल्यामुळे माल जवळजवळ अखंडपणे पुढे जातो. बाहूच्या टोकाशी दिसणारे लयबद्ध हिसके या पालटाचेच असतात.

नळीत शिरल्यावर काँक्रीट पाण्यासारखे वाहत नाही. पाणी नळीतून जाताना त्याचा मधला भाग वेगाने व कडेचा भाग सावकाश जातो. काँक्रीट मात्र एका लांबलचक बुचासारखे अखंड सरकते. खडी, वाळू व सिमेंट यांचा मधला गाभा जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो; नळीच्या भिंतीला लागून सिमेंट व बारीक वाळूच्या लगद्याचा एक पातळ थर तयार होतो, आणि त्या थरावरून हा गाभा घसरत जातो. पंपाचे सारे सामर्थ्य या पातळ थराच्या आधारावर उभे आहे. थर आहे तोवर माल सरकतो; थर नाहीसा झाला की खडी भिंतीला घासू लागते, एकमेकींत अडकते, आणि नळी चोंदते.

म्हणूनच काम सुरू करताना प्रथम सिमेंटचा पातळ लगदा नळीतून फिरवितात. कोरड्या नळीने थर शोषून घेऊ नये हा त्याचा हेतू. म्हणूनच मालात बारीक कणांचे प्रमाण पुरेसे असावे लागते, आणि खडीचा आकार नळीच्या आतील व्यासाच्या एकतृतीयांशाहून मोठा नसावा असा नियम कोनेदार खडीसाठी सांगितला जातो. महाराष्ट्रात खडी व दगड फोडून केलेली वाळू ही बहुधा काळ्या पाषाणाची असते. तिचे कण नदीच्या वाळूसारखे गोलसर नसून कोनेदार असतात व त्यांना वेढण्यास लगदा अधिक लागतो. नदीच्या वाळूवर बसविलेले मिश्रणाचे प्रमाण फोडलेल्या वाळूला तसेच लागू केले तर नळी का चोंदते, याचे उत्तर येथे मिळते.

आता 'पाणी घाला' या उपायाकडे वळता येईल. मालाचा ओलेपणा मोजण्यासाठी शंकूच्या आकाराच्या साच्यात तो भरतात, साचा उचलून घेतात, आणि माल किती खाली बसला ते मोजतात. या बसण्याला सर्वत्र 'स्लंप' असेच म्हणतात. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत पंपाने टाकावयाच्या काँक्रीटसाठी ७५ ते १०० मिलिमीटर स्लंप सुचविला आहे. मालाला सैलपणा आणणारी रसायने मिसळून प्रत्यक्षात याहून अधिक स्लंपही ठेवला जातो. परंतु हाच सैलपणा नुसत्या पाण्याने आणू गेल्यास दोन अनर्थ ओढवतात. घट्ट झालेल्या काँक्रीटची ताकद घटते, हा एक. दुसरा अधिक तात्कालिक : दाबाखाली पाणी व लगदा खडीतून पुढे निसटतात, खडी मागे उरते, आणि ज्या चोंदण्यावर उपाय म्हणून पाणी घातले तेच चोंदणे अधिक पक्के होते. पाण्याच्या पंपाची उपमा ज्याच्या मनातून गेली नाही, त्याला हा विरोधाभास समजणे कठीण जाते.

४. बाहू, पाय आणि जमीन

बाहू चार-पाच खंडांचा असतो व खंड एकमेकांवर घडी घालून बसतात. काही बाहू पोथीच्या पानांसारखे एकाआड एक दुमडतात, काही गुंडाळल्यासारखे. ज्या स्थळी वर छत किंवा तारा असून उंचीवर बाहू उलगडण्यास जागा नाही, तेथे कोणत्या पद्धतीची घडी आहे यावर काम होणे न होणे अवलंबून असते.

यंत्राच्या नावातील आकडाही नीट वाचावा लागतो. '३६ मीटरची गाडी' असे म्हणतात तेव्हा तो आकडा जमिनीपासून सरळ उभ्या केलेल्या बाहूच्या उंचीचा असतो. आडवी पोहोच त्याहून कमी, साधारणतः ३१-३२ मीटर असते, आणि तीही बाहू ज्या आसाभोवती फिरतो तेथून मोजलेली असते. गाडी भिंतीपासून पाच मीटर दूर उभी करावी लागली, की भिंतीपलीकडे सव्वीस-सत्तावीस मीटरच हाती उरतात. आकडा खोटा नसतो. तो कशाचा आहे हे नाव सांगत नाही, एवढेच.

बाहूवरील नळीचा व्यास बहुधा १२५ मिलिमीटर असतो. अशा नळीच्या एका मीटरात सुमारे तीस किलोग्रॅम माल मावतो. तीस मीटर नळी भरलेली असताना बाहूवर केवळ मालाचे वजन सुमारे नऊशे किलोग्रॅम होते, आणि ते गाडीपासून दूर हवेत तोललेले असते. गाडी या वजनाने कलंडू नये म्हणून तिचे चार पाय बाहेर पसरून जमिनीवर रोवतात. बाहू ज्या दिशेला झुकतो त्या बाजूच्या एका पायावर फार मोठा भार एकवटतो. तो पाय नव्याने भरलेल्या मातीवर, गटाराच्या फरशीवर किंवा खोदलेल्या पायाच्या काठाशी असला, तर जमीन खचते आणि गाडी उलटते. पायाखाली जाड लाकडी ओंडके किंवा पाट घालणे हा या कामातील सर्वांत स्वस्त व सर्वांत अधिक वेळा टाळला जाणारा खर्च आहे. विजेच्या तारांविषयी तर शंकेला जागाच नाही. तारेला स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. उच्च दाबाची वीज जवळ आलेल्या पोलादी बाहूवर अंतर ओलांडून उतरू शकते, आणि नळी हाती धरलेला माणूस तिच्या मार्गात असतो.

जेथे पाय पसरण्याइतकीही जागा नाही तेथे बाहूची गाडी उपयोगी पडत नाही. पेठेतील बोळासाठी लहान पंप मुख्य रस्त्यावर उभा करून जमिनीवरून नळ्या जोडत नेतात. उंच इमारतींसाठीही पंप खालीच ठेवून इमारतीच्या अंगाने उभी नळी चढवितात व माल पसरविणारा स्वतंत्र बाहू वरच्या मजल्यावर बसवितात. दुर्गमतेचे प्रकार निराळे, तशी साधनेही निराळी.

५. पोहोचीची काही उदाहरणे

उंचीचा प्रश्न हा मुख्यतः वजनाचा प्रश्न आहे. काँक्रीटचा शंभर मीटर उंच उभा स्तंभ आपल्या वजनानेच तळाशी वातावरणाच्या सुमारे तेवीस पट दाब निर्माण करतो. नळीतील घर्षण त्याहून वेगळे. दुबई येथील बुर्ज खलिफाच्या बांधकामात २००८ मध्ये सुमारे ६०६ मीटर उंचीपर्यंत काँक्रीट पंपाने चढविण्यात आले. हिमाचल प्रदेशात कुलूजवळ पार्बती जलविद्युत प्रकल्पावर २००९ मध्ये ही मजल ७१५ मीटरांपर्यंत गेली. तेथे केवळ स्तंभाच्या वजनाचा दाब वातावरणाच्या सुमारे १६५ पट होतो. ही उदाहरणे एका जागी बसविलेल्या पंपांची आहेत. गाडीवरील बाहूच्या बाबतीत चीनमध्ये २०१२ साली १०१ मीटर लांबीचा बाहू तयार करण्यात आला. वजन मर्यादेत राहावे म्हणून त्यात कार्बनतंतूंचा वापर केलेला होता.

परंतु दुर्गमतेचे सर्वांत कठोर उदाहरण उंचीचे नाही. चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी अणुभट्टीचा स्फोट झाल्यावर तिच्याभोवती जे आवरण उभारण्यात आले, त्याच्या कामी शिसे लावून संरक्षित केलेल्या पंपगाड्या वापरण्यात आल्या. तेथे वाट होती, जमीन होती. माणसाला उभे राहता येत नव्हते. पंचवीस वर्षांनी जपानमध्ये याच यंत्रावर निराळाच प्रसंग आला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर व त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइचि केंद्राच्या चौथ्या भट्टीच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरील तलावात, इंधनाच्या १,५३५ जुड्या होत्या आणि त्या पाण्याखाली राहतील याची शाश्वती उरली नव्हती. शेजारच्या तिसऱ्या भट्टीवर १७ मार्चला हेलिकॉप्टरांतून पाणी टाकून पाहण्यात आले. त्यातले बरेचसे वाऱ्यावर विखुरले. जमिनीवरून तोफेसारखे पाणी मारण्याचेही प्रयत्न झाले. अखेर २२ मार्च रोजी ५८ मीटर बाहूची एक काँक्रीटपंपगाडी चौथ्या भट्टीशेजारी उभी करण्यात आली आणि बाहूचे टोक तलावाच्या वर नेऊन नेमके पाणी सोडण्यात आले. पुढे १२ एप्रिलला बाहूच्याच साह्याने तलावातील पाण्याचा नमुनाही वर काढण्यात आला. तलावातील सर्व जुड्या डिसेंबर २०१४ पर्यंत सुखरूप बाहेर काढण्यात आल्या.

या घटनेतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. एक, जे यंत्र पाण्याचे नव्हे हे समजून घेणे अगत्याचे असते तेच तेथे पाण्यासाठी उपयोगी पडले; कारण तेथे प्रश्न किती पाणी उडविता येईल हा नव्हता, ते नेमक्या ठिकाणी कसे ठेवता येईल हा होता. दुसरी, तेथे काम करणाऱ्यांनी या गाड्यांना जिराफ, हत्ती अशी प्राण्यांची नावे दिली. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या यंत्रांना घाईच्या प्रसंगी चटकन ओळखता येईल असे नाव असणे ही केवळ गंमत नव्हे. कोणत्या गाडीविषयी बोलणे चालले आहे याबद्दल संशय राहू नये ही त्यामागची गरज आहे.

६. नळीच्या दोन टोकांमधील भाषा

पंपगाडी चालविणारा ऑपरेटर बाहू व पंप यांचे नियंत्रण हातातील पेटीवरून करतो. नळीचे लोंबते रबरी टोक धरून माल पसरविणारा माणूस त्याच्यापासून तीस-चाळीस मीटर दूर, कित्येकदा वेगळ्या मजल्यावर असतो. एकाच्या हाती शक्ती असते, पण परिणाम त्याला दिसत नाही; दुसऱ्याला परिणाम दिसतो, पण शक्ती त्याच्या हाती नसते. दोघांना जोडणारी वस्तू म्हणजे संकेत.

संकेत चुकल्यास काय होते हे जाणून घेणे आवश्यक आहे. नळी चोंदल्यावर तिच्यात दाब साठतो. माल संपत आला असता हौदातून हवा ओढली गेली, तर ती हवा नळीत दाबली जाते. चोंदलेला भाग एकदम सुटला म्हणजे दाबलेली हवा फुटल्यासारखी बाहेर पडते आणि लोंबते टोक चाबकासारखे फिरते. त्या टोकात काही किलोग्रॅम काँक्रीट असते. माणूस उडवून देण्यास, त्याचे डोके फोडण्यास किंवा त्याला छताच्या कडेवरून खाली फेकण्यास तेवढे पुरते. म्हणून पंप सुरू करताना, किंवा थांबून पुन्हा चालू करताना, टोकाजवळ कोणी असता कामा नये. माल अखंड येऊ लागल्यावरच ते धरावे. चोंदण झाल्यास पंप उलटा फिरवून दाब काढल्यावाचून नळीचा सांधा उघडू नये. हे नियम थोडके आहेत. परंतु 'आता सुरू करतो', 'दूर व्हा', 'दाब काढा' ही सूचना योग्य क्षणी, योग्य माणसाला, एकाच अर्थाने पोहोचली नाही, तर नियम माहीत असूनही व्यर्थ जातो.

बोललेल्या मराठीची येथे कशी परीक्षा होते ते काही शब्दांवरून कळून येईल. 'थांब' आणि 'लांब' या दोन शब्दांत केवळ आद्य व्यंजनाचा भेद आहे. एकाचा अर्थ पंप थांबव, दुसऱ्याचा अर्थ दूर ने किंवा दूर हो. 'सोडा' म्हणजे माल सोडा, 'ओढा' म्हणजे नळी ओढा; इंजिनाच्या घरघरीत आद्य 'स'चा क्षीण घर्षणध्वनी ऐकू येईलच असे नाही, आणि शेवटच्या व्यंजनाचा महाप्राण दूर अंतरावर टिकत नाही. 'वर' आणि 'भर' यांचेही तेच. वर्गात फळ्यावर मांडले असता हे शब्द अर्थभेदक ध्वनींची निर्दोष उदाहरणे ठरतात; छताच्या कडेवर तेच अपघाताचे कारण होऊ शकतात. संकेतासाठी शब्द निवडावयाचे ते परस्परांपासून स्वरांत, अवयवसंख्येत आणि आघातात दूर असावेत, एवढे ध्वनिविचाराचे साधे तत्त्व यावरून निघते.

दुसरी अडचण दिशावाचक शब्दांची. 'डावीकडे घ्या' असे नळी धरणारा म्हणतो. डावीकडे कोणाच्या? तो ऑपरेटरकडे तोंड करून उभा असेल तर त्याची डावी बाजू ही ऑपरेटरची उजवी होय. 'इकडे', 'पुढे', 'अलीकडे' या सर्व शब्दांचा अर्थ बोलणारा कोठे व कोणत्या तोंडाने उभा आहे त्यावर ठरतो. जेथे दोघे एकमेकांना धड दिसतही नाहीत, तेथे या शब्दांना आधारच उरत नाही. म्हणून ज्या दिशेला बाहू न्यावयाचा त्या दिशेला हात पसरणे, किंवा 'रस्त्याकडे', 'जिन्याकडे', 'विहिरीकडे' असे स्थिर वस्तूचे नाव घेणे हेच सुरक्षित.

तिसरी अडचण बहुभाषिकतेची. महाराष्ट्रातील मोठ्या बांधकामावर मराठीबरोबर हिंदी, बंगाली, ओडिया, तेलुगू बोलणारे कामगार एका छतावर असतात. हिंदी भाषिक 'रुको' म्हणतो, बंगाली 'थामो', तेलुगू 'आपु'. यांपैकी 'थामो' मराठी 'थांबा'शी नात्याने व ध्वनीने जवळचा असल्याने समजतो. 'आपु' हा शब्द ज्याला तेलुगू येत नाही त्याच्या कानी निरर्थक पडतो. मुंडी हलविण्यासारखी खूणसुद्धा सर्वत्र एकार्थी नाही. दोन्ही बाजूंना डोलणारी मान दक्षिणेकडच्या माणसाचा होकार असू शकतो, आणि तीच उत्तरेकडच्या माणसाला नकारासारखी दिसू शकते. या परिस्थितीत यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. ती ठेकेदाराच्या कचेरीत राहते; नळीच्या टोकाशी असलेल्या माणसाच्या वाट्याला तिच्यातील एक ओळही येत नाही.

अमेरिकेत पंपचालकांच्या संघटनेने हातांच्या खुणांची एक ठरावीक मालिका प्रसिद्ध केली आहे. पंप सुरू करा, वेग वाढवा, मंद करा, थांबवा, दाब काढा, काम संपले, अशा मोजक्या सूचनांसाठी त्यात वेगवेगळ्या खुणा आहेत. तिचे मर्म खुणांच्या आकारात नसून मर्यादित संख्येत आहे. संकेत थोडे असावेत, प्रत्येकाचा अर्थ एकच असावा, आणि कोणतीही खूण न समजल्यास तिचा अर्थ 'थांबा' असाच घ्यावा, ही तीन तत्त्वे कोणत्याही भाषेत आणता येतात. ऑपरेटरला टोक दिसत नसेल तेथे दोघांनाही दिसेल असा तिसरा माणूस मध्ये उभा करावा, आणि त्या एकाच्याच खुणा मानाव्यात. दहा जणांनी दहा दिशांनी ओरडण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

७. परिभाषेविषयी

मराठीत तांत्रिक परिभाषा घडविताना संस्कृत धातूंवरून नवे शब्द बनविण्याची पद्धत रूढ आहे, आणि ग्रंथलेखनात तिचे कार्य मोठे आहे. तथापि बांधकामावरच्या माणसांनी आपली परिभाषा आधीच घडविली आहे. स्लॅब, कॉलम, सेंट्रिंग, व्हायब्रेटर हे शब्द त्यांनी इंग्रजीतून घेऊन आपल्या व्याकरणात बसविले आहेत. माल, थापी, ओळंबा, घमेले, परांची हे त्यांच्या बोलीत आधीपासून रुळलेले आहेत. 'बाहू' हा शब्द या लेखात वापरला, पण कामावर 'बूम' असेच म्हणतात आणि तेच तेथे योग्य. सूचनाफलकावर कोणता शब्द लिहावा याचा निर्णय कोशावरून करावयाचा नसून, तो वाचून ज्याने बाजूला सरकावयाचे त्याच्या तोंडी काय आहे यावरून करावयास हवा.

यासाठी बांधकामावर जाऊन शब्दसंग्रह करणे अगत्याचे आहे. कोणती सूचना कोणत्या शब्दाने दिली जाते, ती कोणत्या भाषकाला समजते, कोणते दोन शब्द गोंगाटात एकमेकांसारखे ऐकू येतात, कोणत्या खुणेचा दोन गटांत वेगळा अर्थ होतो, एवढ्या प्रश्नांची पद्धतशीर नोंद झाली तर तीवरून पंधरा-वीस संकेतांची एक चांगली यादी तयार होऊ शकेल. बोलीभाषांच्या पाहणीत ज्या पद्धती वापरल्या जातात त्याच येथेही पुरेशा आहेत. केवळ माहिती देणारे लोक ओसरीवर बसलेले नसून छतावर उभे असतील, आणि विचारणाऱ्याला त्यांच्या सवडीची वाट पाहावी लागेल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस हाती घेता येण्याजोगे हे काम आहे.

सारांश, काँक्रीट दुर्गम स्थळी पोहोचते ते केवळ लांब बाहूमुळे नव्हे. भिंतीला लागून असलेला लगद्याचा पातळ थर माल सरकवितो, पायाखालची घट्ट जमीन बाहू तोलून धरते, आणि एका टोकाचे म्हणणे दुसऱ्या टोकाला कळल्यामुळे नळी धरणारा माणूस संध्याकाळी घरी परततो. पहिल्या दोहोंसाठी मानके आहेत, मोजण्याची साधने आहेत आणि उत्तरदायी अभियंते आहेत. तिसऱ्यासाठी मराठीत अद्याप एक पानही निश्चित झालेले नाही, आणि ते निश्चित करण्याचे ज्ञान भाषेच्या अभ्यासकांपाशी आहे.